रिकामी ठेवावयाची जागा

रस्ता वाहता असावा, हे कोणास शिकवावयास नको. परंतु उत्तम प्रतीच्या महामार्गाचा एक पट्टा असा असतो की, तो वाहताही नसावा आणि भरलेलाही नसावा. तो केवळ मोकळा असावा. धावत्या गाडीचे चाक फुटले, इंजिन बंद पडले, आतल्या माणसाच्या छातीत कळ आली, तर प्रवाहातून बाजूला होण्यास जागा हवी. आणि पुढे अपघात झाला असेल तर तेथवर पोचण्यास रुग्णवाहिकेला वाट हवी. एवढ्याचसाठी हा पट्टा बांधावयाचा आणि राखावयाचा. ज्या दिवशी त्याचा कोणासही उपयोग करावा लागला नाही, तो दिवस त्याच्या दृष्टीने सार्थकी लागला असे समजावयाचे. आमच्या जिल्ह्यातून, कोपरगाव तालुक्यातून, सुमारे २९ किलोमीटर जाणाऱ्या समृद्धी महामार्गाला दोन्ही अंगांनी असा पट्टा आहे. तो मोकळा राहतो काय, हा आजचा प्रश्न आहे.

अग्रलेखाची जागा आतल्या पानावर असते. आज तो पहिल्या पानावर आणण्यास कालरात्रीचा एखादा भीषण अपघात कारण झालेला नाही. किंबहुना तसा अपघात झालेला नसतानाच हे लिहावे असे आम्हास वाटले. दहा-बारा माणसे एका वेळी दगावली की पहिले पान त्यांच्या छायाचित्रांनी भरते, मंत्र्यांचे शोकसंदेश येतात, मदतीचे आकडे जाहीर होतात, चौकशीचे आदेश सुटतात, आणि पंधरवड्याने सारे पूर्ववत् होते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपल्याकडे हसतात. रस्त्यांच्या बाबतीत आपण तेवढेही करीत नाही. तहानेने माणूस गेल्यावर विहिरीची चर्चा करतो.

आमच्या जिल्ह्याच्या वेशीवर घडलेली एक घटना वाचकांस आठवत असेल. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात, जांबरगावच्या टोलनाक्याजवळ, समृद्धी महामार्गावर एक छोटी प्रवासी बस उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीबाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांपैकी १२ जण ठार झाले. वीसहून अधिक जखमी झाले. तो ट्रक तेथे आपखुशीने उभा नव्हता, परिवहन विभागाच्या पथकानेच तो भर महामार्गावर थांबविला होता, असा आरोप पुढे आला. त्या विभागाच्या दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवून त्यांना अटकही झाली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आम्हास येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे, तेथे उभे असलेले वाहन ही साधी बेशिस्त राहत नाही. ती भिंत होते. आणि रात्री ती न दिसणारी भिंत होते.

हे अलंकारिक बोलणे नव्हे, साधे गणित आहे. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. पुढे काही आहे हे डोळ्याने पाहिले, बुद्धीने ओळखले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यास अडीच सेकंद लागतात असे रस्ता-अभियंते धरून चालतात. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी ८० मीटरांपलीकडे गेलेली असते. त्यानंतर ती थांबेपर्यंतचे अंतर मिळविले तर एकूण २५० मीटर होतात. हाच हिशेब ताशी १०० किलोमीटरला १८० मीटर आणि ८० किलोमीटरला १२० मीटर असा येतो. उलटपक्षी, मोटारीच्या दिव्यांचा खालचा झोत रस्त्यावर पन्नास-साठ मीटरांच्या फार पुढे पोचत नाही. मागचे दिवे विझलेला, चिखलाने माखलेला ट्रक या झोतात दिसू लागतो, त्या वेळी चालकाने काही करण्याची वेळ टळून गेलेली असते. अशा वेळी त्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण जे अंतर निसर्गनियमाने लागते, ते त्याने कोठून आणावे?

बिघडलेली गाडी बाजूच्या पट्ट्यात नेली म्हणजे सर्व भागले, असेही नव्हे. ५ जून २०१६ च्या पहाटे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलनजीक शेडुंग येथे दोन मोटारी कडेला उभ्या होत्या. एकीचे चाक निकामी झाले होते आणि दुसरीतील माणसे साहाय्यास थांबली होती. साताऱ्याहून मुंबईकडे जाणारी भरधाव बस त्यांच्यावर आदळून खाली कोसळली आणि १७ माणसे मरण पावली. थांबलेल्यांनी अपराध केला नव्हता. एकाची अडचण होती आणि दुसऱ्याची माणुसकी. २ नोव्हेंबर २०२५ रोजी राजस्थानात फलोदी जिल्ह्यात तीर्थयात्रेहून परतणारे वाहन उभ्या ट्रेलरवर आदळून १५ जण दगावले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन महामार्गांलगतचे ढाबे आणि उभी वाहने यांची दखल घेतली. पनवेल, वैजापूर, फलोदी; प्रांत निराळे, वर्षे निराळी, परंतु मृत्यूची रीत एकच आहे.

आकडे पाहावयाचे तर २०२२ साली या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील १५,२२४ महाराष्ट्रातील होती. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा अवघा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. परंतु त्या वर्षीच्या मृतांपैकी सुमारे ३६ टक्के त्याच महामार्गांवर मेले. आणि एकूण अपघातांपैकी एकपंचमांशाहून अधिक अपघात मागून धडक बसून झाले. एवढ्या संख्येने एखाद्या साथीत माणसे दगावती, तर गावोगावी लस टोचणारी पथके फिरती. रस्त्यावरचा मृत्यू मात्र आपण दैवाच्या खात्यावर टाकून दिला आहे.

या कडेच्या पट्ट्याचे मोल इतर देशांनीही ठेचा खाऊनच ओळखले आहे. इंग्लंडातील पहिला मोटारमार्ग ५ डिसेंबर १९५८ रोजी प्रेस्टन शहराला वळसा घालून सुरू झाला, तेव्हा त्याची कड पक्की बांधलेली नव्हती. बिघडलेले जड वाहन बाजूला घ्यावे तर ते तेथेच रुतावे, असा अनुभव आल्यावर पुढे ती कड पक्की करण्यात आली. त्यानंतर अर्ध्या शतकाने, वाहतूक वाढली आणि नवे रस्ते बांधणे महाग पडू लागले, तेव्हा त्याच देशात हा पक्का पट्टाही वाहतुकीला खुला करून टाकावा, ही युक्ती निघाली. २००६ साली एका मार्गावर तिचा प्रयोग झाला. पुढे काही मार्गांवर हा पट्टा कायमचाच नाहीसा करून, ठराविक अंतरांवर थांबण्यापुरते कोपरे ठेवण्यात आले. कॅमेरे आणि विजेचे फलक गाड्यांवर लक्ष ठेवतील, असे सांगण्यात आले. परंतु बिघडलेल्या गाडीला कोपऱ्यापर्यंत पोचण्याइतकी सवड यंत्र देईलच असे नाही. चालत्या मार्गिकेत अडकून माणसे मेली, मृतांच्या आप्तांनी आवाज उठविला, पार्लमेंटच्या समितीने ताशेरे ओढले, आणि एप्रिल २०२३ मध्ये असे नवे मार्ग न बांधण्याचा निर्णय तेथील सरकारला जाहीर करावा लागला. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, हा हिशेब त्यांनी करून पाहिला आणि तो चुकला.

आपल्याकडे हा पट्टा काढून टाकण्याचा ठराव कोणी केलेला नाही. तशी गरजच पडत नाही; आपण तो भरून टाकतो. मोकळी जागा ही जणू आपल्या डोळ्यांना सोसवतच नाही. ओटा मोकळा दिसला की त्यावर दुकान मांडावे, पदपथ मोकळा दिसला की त्यावर दुचाकी उभी करावी, आणि महामार्गाची कड मोकळी दिसली की तेथे ट्रक लावून झोपावे, चटई टाकून डबे उघडावे, सूर्यास्ताची छायाचित्रे काढावी, किंवा पुढची गाडी वाट देत नाही म्हणून डावीकडून तिथूनच पुढे काढावी, हा आपला नित्याचा व्यवहार झाला आहे. या पट्ट्याला आपण नावसुद्धा धड दिलेले नाही. अभियंते ‘शोल्डर’ म्हणतात, सरकारी कागदात ‘आपत्कालीन मार्गिका’ येते, आणि आमच्या खेड्यापाड्यांतील माणूस सरसकट ‘साइडपट्टी’ म्हणतो. साइडपट्टी म्हटले की ती सर्वांची, आणि जी सर्वांची ती ज्याला आधी सापडेल त्याची, हा अर्थ ओघानेच येतो.

समृद्धीवर निदान पट्टा तरी आहे. जिल्ह्यातील इतर रस्त्यांची अवस्था अशी आहे की, तेथे हा प्रश्न पट्ट्याच्या अभावातून उभा राहतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा आमचा जिल्हा. पुणे, नाशिक, मनमाड, कल्याण, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर आणि बीड या सर्व दिशांना येथून रस्ते फुटतात आणि देशाची उत्तर-दक्षिण जड वाहतूक नगर, राहुरी, कोल्हार, राहाता, कोपरगाव अशी गावे ओलांडीत जाते. यांपैकी कित्येक ठिकाणी डांबराची कड संपते तेथे वीतभर खाली खचलेला मुरूम सुरू होतो. दुचाकीस्वार समोरच्या ट्रकच्या भयाने त्या खोलीत उतरला की त्याचा तोल गेलाच. पावसाळ्यानंतर ‘साइडपट्ट्या भरणे’ या नावाचे काम निघते. पुढल्या पावसाळ्यात तो मुरूम ओढ्याला मिळतो. विळद, इमामपूर, करंजी, चंदनापुरी या घाटांत एखादे जड वाहन बंद पडले की त्याला सरकण्यास बोटभर जागा मिळत नाही. मग चालक करतो काय? मागच्या चाकाला दगड लावतो, झाडाची फांदी तोडून रस्त्यावर टाकतो आणि मिस्त्रीच्या शोधात निघून जातो. वाहन दुरुस्त होते, निघून जाते, दगड तेथेच राहतो. त्या दगडावर रात्री कोणाचे चाक चढले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

त्यातच आमच्या जिल्ह्याचे दोन विशेष आहेत. एकाला आमचा संसार लागून आहे आणि दुसऱ्याला आमची श्रद्धा. पहिला ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की शेकडो ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून, आणि ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्या बैल जुंपून, अंधारात कारखान्याची वाट धरतात. मागे लाल दिवा नसतो, परावर्तक पट्टी असलीच तर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी झाकलेली असते. ट्रॉलीचा आस मोडला की ती जेथे मोडेल तेथेच, अर्धा रस्ता अडवून, उजाडेपर्यंत पडून राहते. २४ जानेवारी २०२४ च्या पहाटेच्या अंधारात पारनेर तालुक्यात, नगर–कल्याण महामार्गावर ढवळपुरी फाट्यानजीक, एसटी बस, उसाचा ट्रॅक्टर आणि एक मोटार यांच्या अपघातात ६ जणांनी प्राण गमावले. दुसरा विशेष पायी चालणारा भाविक. शिर्डीला येणाऱ्या आणि शिर्डीहून आळंदीला जाणाऱ्या दिंड्या याच महामार्गांच्या कडेने चालतात. त्यांना दुसरी वाटच नाही. ३ डिसेंबर २०२३ रोजी संगमनेर तालुक्यात, पुणे–नाशिक महामार्गावर, आळंदीकडे निघालेल्या दिंडीत एक कंटेनर शिरला आणि ४ वारकरी ठार झाले. ज्या सरकारने आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांवर वारकऱ्यांसाठी कडेने निराळी पायवाट मान्य केली, त्या सरकारला शिर्डीच्या वाटेवरचे पाय दिसू नयेत, असे मानण्याचे कारण नाही. दिसले आहेत, त्यांच्यासाठी जागा राखण्याचे मनावर घ्यावयाचे राहिले आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. ट्रकचालक बेशिस्त, मद्यपी, अडाणी असतात. त्यांना जबर दंड करा म्हणजे पट्टे आपोआप मोकळे होतील, असे आमच्या मोटारबाज मित्रांचे मत असते. दंड हवा, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु हा माणूस तेथे का थांबला, हे आधी विचारावयास हवे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने चालकास दिवसाला आठ तासांहून अधिक काम देऊ नये, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा दंडक घातला होता. साठ वर्षांहून अधिक काळ, २०२५ पर्यंत, हा कायदा पुस्तकात होता. कायद्याने सांगितलेला तो अर्धा तास त्याने कोठे घालवावा? ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला, तेव्हा रस्ता तयार होता. परंतु वाटेत उपाहारगृहे, स्वच्छतागृहे, इंधनाचे पंप, ट्रक उभे करण्याचे तळ यांची वानवा होती. वळण नाही, गाव नाही, थांबा नाही, अशा एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन निजते, त्याला नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी महामार्गाचे संमोहन म्हटले होते. पुढे ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा रस्ता पूर्ण झाला. झोप अनावर झालेल्या चालकापुढे दोनच पर्याय उरतात: पेंगत चालवावे किंवा कडेला लावून निजावे. तो दुसरा पर्याय निवडतो, आणि त्याच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच असतो.

या जिल्ह्याला आज ज्यांचे नाव आहे त्या अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. त्यांनी घाट बांधले, मंदिरे उभी केली, हे सर्वत्र सांगितले जाते. परंतु त्यांनी विहिरी आणि बारवा खणविल्या, धर्मशाळा बांधल्या, यात्रेकरूला पाणी आणि छाया दिली, यातील राज्यकर्त्याची दृष्टी आपण ध्यानात घेत नाही. वाट बांधली की वाटसरूच्या विसाव्याची व्यवस्था करणे हे त्या वाटेचेच काम आहे, असे अडीचशे वर्षांपूर्वी ज्यांना उमगले, त्यांचे नाव आपण जिल्ह्याला दिले. तर मग या जिल्ह्यातील प्रत्येक महामार्गावर ठराविक अंतरावर ट्रकतळ, तेथे पाणी, शौचालय, दिवा आणि एक खाट एवढे असणे, ही त्या नावाची किमान बूज नव्हे काय? पुतळे आणि कमानी यांहून हे स्मारक थोडे स्वस्तच पडेल.

विसाव्याची सोय झाल्यावर मात्र कायद्याने हात आखडता घेऊ नये. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे १२२ वे कलम धोकादायक जागी वाहन उभे करण्यास मनाई करते. वाहतूक अडविणाऱ्या वाहनास २०१ व्या कलमान्वये दंड आहे. तो २०१९ च्या दुरुस्तीनंतर फार तर पाचशे रुपये! लाख रुपयांचा माल वाहणाऱ्या ट्रकच्या मालकास ही रक्कम रात्रीच्या मुक्कामाचे भाडे वाटल्यास नवल नाही. त्याच दुरुस्तीने १९८ अ हे कलम आणून, रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवणाऱ्या यंत्रणेस आणि ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र केले आहे. चालकाला दंड झाल्याचे आपण रोज ऐकतो. खचलेल्या साइडपट्टीसाठी एखाद्या ठेकेदाराला या कलमाचा धाक कोणी घालील, तर तो दिवस आम्ही पहिल्या पानावर नोंदवू.

दंडाहूनही महत्त्वाचे आहे ते बंद वाहन हलविण्याचे काम. बंद पडलेले वाहन दहा मिनिटांत दिसले पाहिजे आणि अर्ध्या तासात हलविले पाहिजे. यासाठी गस्तीची गाडी, ओढून नेणारी क्रेन आणि तिला बोलावण्याचा सर्वांस ठाऊक असलेला क्रमांक लागतो. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांक आहे; तो किती वाचकांना पाठ आहे, हे त्यांनीच आपल्या मनाशी पाहावे. हे घडू शकते याला पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली होती. त्या वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी मिळून तेथे चिकाटीने काम केले. धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या, कडेला उभ्या राहणाऱ्या वाहनांकडे विशेष लक्ष दिले, मदत पोचण्याचा वेळ कमी केला. २०१९ साली मृतांची संख्या शंभराच्या खाली आली, आणि टाळेबंदीच्या २०२० साली ती ६६ झाली. रस्ता तोच, घाट तोच, चालकही तेच. फरक पडला तो लक्ष देण्याने. आणि परिवहन विभागाविषयी एक स्पष्ट सांगणे आहे. वाहनांची तपासणी टोलनाक्यावर, तळावर, किंवा त्यासाठी बांधलेल्या आवारात व्हावी. धावत्या महामार्गावर हात दाखवून ट्रक थांबविण्याची पद्धत आजच्या आज बंद व्हावी. जो नियम सामान्य चालकास, तोच गणवेशास.

साखर कारखान्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, त्याचा या जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. शेतकऱ्यांच्या भांडवलावर कारखाना उभा करण्याचे सामर्थ्य ज्या सहकाराने दाखविले, त्याला ट्रॉलीच्या मागे परावर्तक कापड आणि लाल दिवा लावणे अशक्य असेल, हे आम्हास पटत नाही. काट्यावर वजन केल्यावाचून गाडी आत जात नाही, तसा मागचा दिवा पाहिल्यावाचून ती आत जाऊ नये. कारखान्याच्या फाटकावर केलेली ही एक तपासणी शंभर भित्तिपत्रकांचे काम करील. मोडलेली ट्रॉली उचलण्यासाठी हंगामभर एक ट्रॅक्टर आणि चार माणसे प्रत्येक कारखान्याने रात्रपाळीला ठेवली, तर टनामागे पडणारा खर्च शोधून काढण्यास भिंग लागेल.

शेवटी आमच्या वाचकांविषयी. कारण हे पान वाचणाऱ्यांत ट्रकचालक थोडे आणि मोटारीचे मालक पुष्कळ आहेत, हे आम्ही जाणून आहोत. शिक्षित माणसाची बेशिस्त अधिक दोषार्ह असते, कारण तिला अज्ञानाची सबब नसते. दूरध्वनीवर बोलण्यासाठी, मुलांना खाऊ देण्यासाठी, पूल सुंदर दिसतो म्हणून, आपण त्या पट्ट्यात थांबतो, आणि मागचे लुकलुकणारे दिवे लावले की आपला परवाना पक्का झाला असे मानतो. तो पट्टा संकटासाठी आहे, सोयीसाठी नाही, हा भेद मुलांना शिकविण्यापूर्वी स्वतः पाळला पाहिजे. आणि खरोखरच संकट आले तर काय करावे, हेही प्रत्येक घरात ठाऊक असावे. गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी. धोक्याचे दिवे लावावे. सर्वांनी वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या, म्हणजे डाव्या दारांनी उतरावे. गाडीत बसून राहू नये, गाडीच्या मागे अथवा पुढे उभे राहू नये. लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन थांबावे आणि तेथून मदत बोलवावी. परावर्तक त्रिकोण गाडीत असतोच. तो मागे पुरेशा अंतरावर, स्वतःचा जीव सांभाळून, ठेवावा. चाक बदलण्याची हौस महामार्गाच्या कडेला भागवू नये. आणि दुसऱ्याला मदत करावयाची तर भय बाळगू नये. अपघातग्रस्तास साहाय्य करणाऱ्याला पोलिसांचा आणि कोर्टकचेरीचा जाच होऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ या कलमान्वये त्याला संरक्षण मिळाले आहे. फक्त मदत करतानाही गाडी कोठे लावावयाची, याचे भान सुटू नये. शेडुंगला माणुसकीनेच थांबलेल्यांचे काय झाले, हे वर आलेच आहे.

आमची मागणी थोडी आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिने येत्या गळीत हंगामापूर्वी पाच गोष्टींचा निकाल लावावा: जिल्ह्यातील महामार्गांवर ट्रकतळांच्या जागा नक्की कराव्या, खचलेल्या कडांची यादी करून ती प्रसिद्ध करावी, घाटांच्या पायथ्याशी चोवीस तास क्रेन ठेवावी, कारखान्यांच्या फाटकावर दिव्यांची तपासणी सक्तीची करावी, आणि शिर्डीच्या दिंड्यांसाठी वाट आखून द्यावी. यातील एकाही गोष्टीसाठी परदेशी तज्ज्ञ आणावा लागत नाही. केले किंवा नाही, हे हंगाम संपताना आम्ही याच पानावर विचारू.

एखाद्या समाजाची सुधारणा त्याने किती बांधले यावरून मोजतात. त्याने काय मोकळे राखले, हेही पाहिले पाहिजे. तीन मीटर रुंदीची ती कड उद्या आपल्यापैकी कोणाला लागेल, हे सांगता येत नाही. ती ज्याला लागेल, त्याला ती रिकामी मिळाली पाहिजे.